स्वतंत्रपणे नर्सिंगच्या ड्युट्या घेताय? या चुका टाळा

नागपुरात धंतोली, रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांतून रोज पेशंट घरी जातात. कुणाला ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी) असते, कुणाला रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कुणाला कॅथेटर (लघवीची नळी). मग मनीषनगर, बेसा, वर्धमाननगर, जरीपटका, कुठूनही सिस्टरसाठी फोन येतो. नर्स पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत किंवा थेट अशा ड्युट्या घेणाऱ्या आपल्या मुलींचा हात चांगला बसलेला असतो. अडतं ते दुसरीकडेच. वॉर्डात ऑर्डर शीटवर येते, वापरलेल्या सुया कोण नेणार हे ठरलेलं असतं, पगारातली कपातही कुणीतरी बघतं. घरच्या ड्युटीत यातलं काहीच आपोआप होत नाही.

फोनवरच्या ऑर्डरवर इंजेक्शन देणं

सगळ्यात आधी हे, कारण यात पेशंटचा जीव जाऊ शकतो. नातेवाईक मोबाईल पुढे करतात, "ताई, डॉक्टर साहेब स्वतः बोलून राहिले ना, लावून द्या!" सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखं अँटिबायोटिक पेशंटला पहिल्यांदाच द्यायचं असेल, तर तो पहिला डोस घरी देऊच नका, हॉस्पिटलमध्ये द्यायला सांगा. अ‍ॅनाफिलॅक्सिस (औषधाची जीवघेणी रिअ‍ॅक्शन) झाला तर हातात मिनिटंच असतात, आणि घरी ना क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची आणि उपकरणांची गाडी) असते ना धावत येणारा आरएमओ (हॉस्पिटलमधला ड्युटीवरचा डॉक्टर).

आधीपासून सुरू असलेलं आयव्ही (शिरेतून द्यायचं) औषध घरी देतानाही अ‍ॅड्रेनालिनची अँप्युल आणि सिरिंज हाताशी ठेवा. रिअ‍ॅक्शन आली तर किती द्यायचं, हे पेशंटच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. मोठ्या माणसाला सहसा 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. त्याच वेळी घरच्या माणसाला 108 लावायला सांगा.

ऑर्डर म्हणजे पेशंटचं नाव, औषध, डोस, कुठल्या मार्गाने, किती वेळा, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर तो जपून ठेवा आणि मूळ कागद मागून घ्या. नकार दिला तर ड्युटी जाईल ही भीती खरी आहे, मी ती कमी लेखत नाही. पण "काका, कागद आला की पाच मिनिटांत देते" असं म्हटलं की बहुतेक घरांत तो कागद येतोच.

पहिल्या दिवशी काहीच न लिहिणं

ड्युटी सुरू करताना पेशंटला कुशीवर वळवून पाठ, माकडहाड, टाचा बघा. बेडसोर (पडून राहिल्याने झालेली जखम) आधीच असेल तर जागा, सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी आणि खोली लिहा, घरच्यांच्या परवानगीने फोटो घ्या आणि त्या पानावर नातेवाइकाची सही घ्या. हे राहिलं तर आठवड्याभराने तीच जखम "सिस्टर आल्यापासून झाली" ठरते आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं.

रोजच्या नोंदीला साधी वही पुरते. बीपी, नाडी, ऑक्सिजन, इनटेक-आउटपुट, सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) किती वाजता केलं, कूस दर दोन तासांनी बदलली का. पुढच्या सिस्टरला हँडओव्हर तोंडी द्या, पण वहीतही लिहा.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली साधारण 30 अंशांखाली चालते, म्हणजे मे महिन्यात ती टेबलावर ठेवून चालणार नाही. फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, कारण बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर 28 दिवसच वापरायचं असतं. दुसरं, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. लाइट गेली तर भरलेला सिलिंडर घरात आहे का आणि त्याचा पाना कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारा.

सुई टोचल्यावर गप्प बसणं

हॉस्पिटलात संसर्ग टाळण्याकडे बघणारी इन्फेक्शन कंट्रोल नर्स असते, स्वतंत्र काम करणारीला ती नसते. हेपॅटायटिस-बीचे तीन डोस (0, 1 आणि 6 महिने) स्वतः पूर्ण करा आणि नंतर अँटिबॉडी टायटर (लसीने रक्तात तयार झालेल्या संरक्षणाचं प्रमाण) तपासा. 10 mIU/mL किंवा त्याहून जास्त हवा. सुई टोचली तर जागा दाबून रक्त काढत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. वापरलेल्या सुया झाकण परत न लावता जाड, न भोसकता येणाऱ्या डब्यात टाका. तो डबा कोण आणि कोणत्या हॉस्पिटलला परत देणार, हे घरच्यांशी आधीच ठरवा.

नोंदणी संपलेली असणं

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सीएनईचे (नोंदणीनंतरच्या नर्सिंग प्रशिक्षणाचे) तास लागतात. नोकरीत मेट्रन आठवण करते, इथे मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा. नोंदणी संपलेली असताना काही घडलं तर तुमची बाजू तिथेच लंगडी पडते. प्रोफेशनल इंडेम्निटी विमाही (कामातल्या चुकीबद्दल दावा झाला तर कामी येणारा) नर्सना मिळतो, घ्या.

ड्युटीचा दर आणि पगार एकच समजणं

समजा 12 तासांचे 1,200 रुपये ठरले आणि महिन्यात 26 ड्युट्या झाल्या, तर 31,200 होतात. आकडा छान दिसतो. पण यात पीएफचा मालकाचा 12 टक्के हिस्सा नाही, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) नाही, पगारी सुट्टी नाही, ग्रॅच्युइटी नाही. पेशंट गेला किंवा बरा झाला की मधले दिवस रिकामे जातात. ब्युरोचं कमिशन आणि पेट्रोल वेगळंच. दर ठरवताना हे सगळं धरा आणि आरोग्य विमा स्वतः काढा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा मिळतो, तेवढा तरी आजच घ्या.

हॉस्पिटल किंवा ब्युरो मानधनातून 10 टक्के टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) कापत असेल तर त्यांना पॅन द्या. नाही दिला तर 20 टक्के कापला जातो. कापलेला पैसा तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे आयकराच्या पोर्टलवर तपासा. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरूनच तो परत मिळतो.

थेट घरी काम घेताना एका पानावर लिहून घ्या: वेळ, जास्तीच्या तासाचा दर, जेवण, रात्री परतण्याची सोय, पैसे आठवड्याला की महिन्याला, किती दिवस आधी सांगून बंद करायचं. पेशंटचं अंग पुसणं, डायपर बदलणं तुमचं काम आहे. घरची भांडी आणि आजींचा स्वयंपाक त्यात नाही, हेही त्याच पानावर यावं.

"कन्सल्टंट" शब्दावर विश्वास ठेवणं

काही ठिकाणी करारावर तुम्ही स्वतंत्र असता, पण ड्युटी रोस्टर त्यांचं, गणवेश त्यांचा, सुट्टीला परवानगी त्यांची, आणि दुसरीकडे काम करायला बंदी. असं असेल तर निव्वळ कागदावरच्या नावाने तुमचे हक्क जात नाहीत. रोस्टरचे फोटो, हजेरी, बँकेतल्या जमा रकमा जपून ठेवा आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे दाखवा. करार हातात येईल त्याच दिवशी त्याची एक प्रत मागा. "नंतर देतो" म्हणत असतील तर सही पण नंतर करा.