सातारा जिल्हा नीट बघायचा असेल तर डोंगर ओलांडून पार माणपर्यंत जा

मुंबईहून सातारा जिल्ह्यात जाणारे बहुतेक जण महाबळेश्वरला दोन रात्री राहतात, पॉइंट बघतात, स्ट्रॉबेरी क्रीम खातात आणि परत फिरतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, अजून एक दिवस काढा आणि पश्चिमेकडून डोंगर चढून पूर्वेला माण तालुक्यापर्यंत उतरा. आमचं गाव माणमधलं, त्यामुळे हा रस्ता मी लहानपणापासून बघतोय.

जाताना एक्सप्रेसवे नको. पनवेल, माणगाव, महाड करत पोलादपूरला या आणि आंबेनळी घाट चढा. खाली कोकणातल्या दमट हवेत घाम पुसत चहा प्यायचा आणि दीडेक तासात स्वेटर शोधायचा, कारण मधे सह्याद्रीची भिंत आहे आणि तुम्ही ती चढून साडेतेराशे मीटरवर आलेले असता. वाटेत प्रतापगड आहे, तो सोडू नका. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरं.

समुद्रावरून आलेले ढग याच भिंतीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि महाबळेश्वरवर रिकामे होतात. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आपल्या मुंबईच्या दुपटीहून जास्त! क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात नक्की जा. पाच नद्यांचा उगम तिथे मानतात, त्यातली सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटला अरबी समुद्राला मिळते आणि कृष्णा पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते.

स्ट्रॉबेरी दुकानात घेण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत भिलारच्या बाजूला एखाद्या शेतात विचारून आत जा. लाल मातीचे उंच गादीवाफे, वर प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर, खालून ठिबकची नळी. फळ कागदावर टेकतं म्हणून मातीला लागून सडत नाही. देठाजवळ पांढरं असेल तर तोडू नका, तोडल्यावर गोडी वाढत नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण शेतकऱ्याचं सगळं गणित थंडीवर चालतं, अवकाळी पाऊस आला की पीक गेलं.

मग पाचगणी. महाबळेश्वरपासून जेमतेम वीस किलोमीटर, पण पाऊस एक तृतीयांशावर येतो, म्हणून तर शाळा इथे वसल्या. टेबललँडचा जांभा खडक पायाखाली बघा आणि पसरणी घाटाने वाईला उतरा. घाटात एका वळणावर गाडी थांबवून खाली कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी बघा, इथून पुढे ऊस, हळद, आल्याचा मुलूख सुरू होतो. (सप्टेंबरात गेलात तर साताऱ्याहून कास पठार करा, बुकिंग आधी ऑनलाइन. जांभ्यावर मातीचा पातळ थर असल्यामुळे तिथे मोठी झाडं येत नाहीत, तेरडा, सोनकी, सीतेची आसवं यांचेच गालिचे.)

आता खरा भाग. सातारा, कोरेगाव, पुसेगाव करत दहिवडीला या. खिडकीतून बघत राहा, ऊस संपतो, मग ज्वारी-बाजरी, मग नुसते उघडे माळ आणि मेंढरं. पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही, कारण ढग भिंतीवरच रिकामे झालेले असतात. एकाच जिल्ह्यात एवढा फरक! वाटेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू बघा, 2016 च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेत, हे गाव पहिलं आलं. चर आणि बांध कसे काढलेत ते तिथल्या माणसांना विचारा, मनापासून सांगतात.

आणि या कोरड्या भागाचं अर्थकारण कळायला परत मुंबईतच यावं लागतं. पाणी नाही म्हणून माणसं गिरणीत गेली, गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) धंद्यात देशभर पांगली, मार्केटात माथाडी झाली. माझे वडील आधी मशीद बंदरला आणि मग वाशीला पाठीवर पोती वाहायचे आणि घाटकोपरच्या खोलीतून दर महिन्याला मनिऑर्डर गावी जायची, त्यावर आमच्या विहिरीचं काम झालं.

परतीला जमलं तर गाडीऐवजी दहिवडीहून रात्रीची मुंबईची एसटी पकडा. सीटखाली पाय ठेवायला जागा नसते, तिथे बाजरीची पोती असतात, आईने किंवा सासूने बांधून दिलेली. शेजारच्याला गाव विचारा, पहाटेपर्यंत बोलत राहील.