दोन लॅबनी मिळून ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजायचा असेल तर

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे ऑक्सिजनच्या रिअॅक्टिव्ह रेणूंमुळे पेशींवर येणारा ताण. डायबेटिसच्या पेशंटचं रक्त हॉस्पिटलात घ्यायचं आणि टेस्ट दुसऱ्या कॉलेजच्या लॅबमध्ये, असं जॉइंट काम असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आली की आधी दोघांनी बसून रक्त कसं घ्यायचं ते लिहून काढा, खरी गडबड तिथेच होते. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूब, लगेच बर्फात, लवकर सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून पेशी खाली बसवायच्या), मग प्लाझ्मा (वरचा पिवळसर द्रव) छोट्या व्हायलमध्ये वाटून उणे ८० डिग्रीला. परत परत वितळवायचं नाही! प्लाझ्मा लालसर दिसला म्हणजे तांबड्या पेशी फुटल्यात, ते सॅम्पल बाजूला काढाच, कितीही जीवावर आलं तरी.

एमडीए (फॅट ऑक्सिडाइज झालं की तयार होणारा पदार्थ) मोजणार असाल तर बीएचटी (ऑक्सिडेशन थांबवणारं रसायन) घाला, नाहीतर ट्यूबमध्येच फॅट ऑक्सिडाइज होत राहतं आणि आपल्याला वाटतं पेशंटचाच आकडा वाढलाय. टीबीए (एमडीएशी मिळून रंग देणारं रसायन) घातल्यावर येणारा गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरला वाचतात, स्वस्त पडतं, पण एमडीए सोडून इतर पदार्थही रंग देतात, म्हणून एका लॅबकडे मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वजनावरून ओळखायचं तंत्र) असेल तर आयसोप्रोस्टेन (फॅट ऑक्सिडाइज झाल्याची जास्त भरवशाची खूण) तिथेच करून घ्या, माझं तरी हेच मत.

आणि मेन सॅम्पल लावायच्या आधी एकच प्लाझ्मा दोन्ही लॅबमध्ये चालवून बघा, आकडे जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. व्हायलवर फक्त कोड, पेशंट कुठला नि कंट्रोल (तुलनेसाठी घेतलेला, डायबेटिस नसलेला माणूस) कुठला ते टेस्ट करणाऱ्याला कळता कामा नये.