रत्नागिरीत एसीचं माप काढताना आधी पाणी मोजा

मी रत्नागिरीत इमारतींची ऊर्जा-मॉडेलं करते. एका वाचनालयाच्या दहा खुर्च्यांच्या अभ्यासिकेसाठी एनर्जीप्लस या ऊर्जा-मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ऑटोसाइझ' (माप तूच काढ) लिहिलं, आलेल्या आकड्यावर थोडं चढवलं आणि दोन टनांचा एसी सुचवला. मे महिना सुखात गेला. जुलैत मात्र खोली गार, तरी सर्द आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी. ग्रंथपालबाई एकेक पुस्तक फडक्याने पुसत होत्या, ते बघून फार वाईट वाटलं. तेव्हापासून माझी पद्धत बदलली.

पहिलं काम डिझाइन डे, म्हणजे ज्या दिवसाच्या हवामानावर माप काढायचं तो दिवस, निवडायचं. बहुतेक जण सर्वाधिक तापमानाचा दिवस घेऊन थांबतात. आपल्याकडे कडक ऊन बरेचदा फेब्रुवारी-मार्चातच पडतं. मतलई वारे दुपारपर्यंत टिकले आणि खारे वारे उशिरा आले की पारा चढतो, पण तेव्हा हवा कोरडी असते. म्हणून डीडीवाय फाइलीतला (गावाच्या डिझाइन डेंची फाइल) सर्वाधिक दवबिंदूचा, म्हणजे हवेत सर्वांत जास्त बाष्प असलेला, दिवसही घ्या. तेवढ्यानेही भागत नाही. झोनचं (मॉडेलमधल्या खोलीचं) माप मुळात फक्त सेन्सिबल भारावर, म्हणजे हवा गार करण्याच्या कामावर निघतं, त्यामुळे 'झोन लोड सायझिंग मेथड' या रकान्यात लेटंट भार, म्हणजे हवेतलं पाणी काढण्याचं काम धरणारा पर्याय निवडा.

मग कागदावर पडताळा. जुलैत बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता, आत २४ अंश आणि ५५ टक्के. दर किलो हवेमागे साधारण ११ ग्रॅम पाणी जास्त. माणशी ५ लिटर, म्हणजे सेकंदाला ५० लिटर ताजी हवा घेतली, तर तासाला जवळजवळ अडीच लिटर पाणी खोलीत येतं. ते काढायला सुमारे १.६ किलोवॉट लागतात. तीच हवा नुसती गार करायला पाव किलोवॉटही लागत नाही! शिवाय दहा माणसांच्या श्वास-घामाचा अर्धा किलोवॉट वेगळा. मोठा एसी अशा दिवशी पटकन तापमान गाठून आपोआप थांबतो आणि पाणी हवेतच राहतं.

सायझिंग फॅक्टरकडे, म्हणजे आलेल्या मापाला ज्याने गुणतात त्या आकड्याकडे, नीट बघा. कूलिंगला १.१५ आणि हीटिंगला १.२५ हे आकडे ॲश्रे ९०.१ या अमेरिकी ऊर्जा-मानकात तुलनेसाठी धरलेल्या काल्पनिक 'बेसलाइन' इमारतीसाठी आहेत, खऱ्या खरेदीसाठी नव्हेत. मी १.० ठेवते. हीटिंग इथे शून्य.

चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते, हे एनर्जीप्लसच्या मूळ गणितात धरलेलं नसतं. म्हणून तिच्या बाहेरच्या गिलाव्याची चौकशी मी स्वतः जाऊन करते.

शेवटी वर्षभराचं मॉडेल चालवून जून ते सप्टेंबरची तासागणिक आर्द्रता बघा. अभ्यासिकेत ती ६५ टक्क्यांवर रेंगाळत होती. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आणि वेगळा डीह्युमिडिफायर घातला, तेव्हा ती उतरली. मात्र डीह्युमिडिफायर स्वतःची उष्णता खोलीतच सोडतो. ती भारात मिळवून माप पुन्हा काढा.