डिस्क मोजायला शिकताना

आयटीआय करून पुण्यात गॅरेजला लागलात की सुरुवातीला चाकं खोलणं आणि ब्रेक पॅड बदलणं हेच वाट्याला येतं. कंटाळू नका. चाक निघालं की ब्रेकची डिस्क, म्हणजे पॅड जिला चिमटतात ती लोखंडी तबकडी, समोर असते, आणि तिची जाडी मोजायला सहसा कुणी सांगत नाही. आमचे उस्ताद नख फिरवून ‘चालेल अजून’ म्हणायचे. नखाला चरे कळतात, जाडी नाही.

आधी डिस्कच्या मधल्या उंचवट्यावर किंवा कडेवर कोरलेला आकडा शोधा: ‘मिन टीएच २०’ असं काहीतरी, म्हणजे कमीत कमी जाडी २० मिलीमीटर. गंजाखाली दडला असेल तर वायर ब्रश मारा. जाडी त्याखाली गेली की डिस्क बाद. बऱ्याच गाड्यांत नवी डिस्क आणि हा आकडा यांत दोनेक मिलीमीटरचंच अंतर असतं.

खरी गोची व्हर्निअरची, म्हणजे सरकत्या जबड्यांच्या मापपट्टीची. पॅड अगदी काठापर्यंत घासत नाही, त्यामुळे बाहेर न झिजलेली कड उभी राहते. व्हर्निअरचे जबडे त्या कडेवरच टेकतात आणि २१.६ दाखवतात. मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून जाडी मोजायचं बारीक माप) काठापासून दहा-बारा मिलीमीटर आत धरला की तीच डिस्क १९.८ भरते! म्हणून गॅरेजमध्ये मायक्रोमीटर नसेल तर मागून घ्या, नाहीतर स्वतःचा घ्या.

डिस्क गार होऊ द्या. मायक्रोमीटरची टोकं पुसून शून्य तपासा आणि शेवटचा वेढा रॅचेटनेच, म्हणजे टोकाच्या टकटक करणाऱ्या छोट्या मुठीनेच द्या. हाताने आवळलात तर आकडा तुमच्या मनगटाचा येतो. गोल फिरत आठ ठिकाणी, काठापासून सारख्याच अंतरावर मोजा. सगळ्यांत कमी आकडा कोरलेल्या आकड्याशी ताडायचा. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांतला फरक वेगळा लिहायचा, कारण तो ०.०२ मिलीमीटरच्या आसपास गेला तरी पेडल थरथरू शकतं.

सिंहगडावर जाऊन आलेल्या गाड्या सोमवारी हीच तक्रार घेऊन येतात. ‘डिस्क वाकडी झाली’ असं गिऱ्हाईक घरूनच ठरवून येतं. तिथे डायल गेज (डिस्क फिरताना किती डोलते ते काट्यावर दाखवणारं माप) लावा, पण आधी वॉशर घालून चाकाचे नट आवळा, नाहीतर सैल डिस्कच डोलेल. डोलण्याची मर्यादा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, साधारण ०.०५ ते ०.१ मिलीमीटर. जास्त आलं तर लगेच डिस्कला दोष देऊ नका. ती काढून हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा गंज घासा, एक भोक पुढे सरकवून बसवा, पुन्हा मोजा. पुष्कळदा डोलणं तिथेच जातं.

डिस्क लेथ मारून, म्हणजे यंत्रावर तासून सपाट करून घ्यायची असेल तर मारल्यावरही जाडी मर्यादेच्या वर उरणार का, ते आधी बघा. बदलायचीच ठरली तर नाना पेठेतून डावी-उजवी जोडीच आणा, सोबत नवे पॅड. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसूनच बसवा. आणि आठही आकडे जॉब कार्डवर लिहा. बिल देताना ‘कशावरून?’ हा प्रश्न येणारच.