मूल दुकानात चोरी करताना सापडलं? पालकांनो, या चुका टाळा

दुकानाच्या मागच्या खोलीत पंधरा वर्षांची मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली होती. समोर टेबलावर एक लिपस्टिक आणि कानातल्यांचं पाकीट. आई आत आली, सरळ तिच्याकडे गेली आणि काही विचारायच्या आत तिच्या थोबाडीत मारली. मग मॅनेजरकडे वळून हात जोडले, "आमच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नाही हो, साहेब." मी आईची मैत्रीण म्हणून सोबत गेले होते. ती चपराक मॅनेजरला दाखवायला होती, आणि हे त्या मुलीला सगळ्यांच्या आधी कळलं.

बाल न्याय मंडळापुढची, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांच्या गुन्ह्यांची, कामं मी बरीच वर्षं बघते आहे. पालकांच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. त्या पहिल्या तासात ते मुलाच्या आधी आपली अब्रू सावरायला धावतात.

चारचौघांत मारणं, किंवा चारचौघांत पाठीशी घालणं

काहीजण मारतात, काहीजण उलट दुकानदारावरच चढतात: "आमचा मुलगा असं करणारच नाही, कॅमेरा दाखवा." कॅमेऱ्यात दिसतं, आणि मग मुलाची उरलीसुरली बाजूही जाते. दोन्ही टाळा. शेजारी बसा आणि हळू आवाजात एवढंच सांगा: "मी आले आहे. खोटं बोलू नकोस. मला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नकोस. बाकीचं घरी बोलू."

दुकानात घाईने 'मिटवून टाकणं'

घाबरलेला पालक दहापट रक्कम भरतो, कोऱ्या कागदावर सही करतो, मुलाच्या हातात वस्तू देऊन काढलेला फोटोही चालवून घेतो. यातलं काहीही करायला तुम्ही बांधील नाही. वस्तू परत करा किंवा तिची किंमत भरून बिल घ्या. "इतके द्या नाहीतर पोलिसांना बोलावतो" असं कुणी म्हणालं, तर शांतपणे म्हणा, "बोलवा." कारण हमाल, सुरक्षारक्षक किंवा मॅनेजर पोलीस नव्हेत. त्यांनी मुलाला कोंडून ठेवणं, मारणं, अंगझडती घेणं यासाठी त्यांनाच जाब द्यावा लागू शकतो.

वशिला लावून नोंद होऊच न देण्याची धडपडही इथेच सुरू होते. त्यातून मुलाला कळतं की केलेल्या गोष्टीपेक्षा बाबांचा फोन मोठा. दुकानदार आपणहून सोडून देत असेल तर ती वेगळी गोष्ट, त्याचे आभार माना.

कायद्याची नुसतीच भीती बाळगणं

भारतात अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू होतो. त्याला 'आरोपी' म्हणायचं नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतलंच, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक स्त्री.

याच कायद्याखालच्या २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांप्रमाणे अशा छोट्या प्रकरणात एफआयआर नोंदवायचा नसतो. पोलीस डायरीत नोंद घेतात, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करतात आणि मंडळाकडे पाठवतात. सोबत अठरा पूर्ण झालेला मित्र असेल तर मात्र एफआयआर होऊ शकतो. मुलाला बेड्या घालता येत नाहीत, त्याच्याकडून जबाबावर सही घेता येत नाही. हे नियम पोलीस ठाण्यात आवाज न चढवता सांगा. ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यालाच भेटायचं आहे म्हणा.

भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला, कलम ३०३ खाली, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माल साठवण्याच्या इमारतीतली चोरी म्हणून कलम ३०५ लागलं तर सात वर्षांपर्यंत. हे आकडे ऐकून पालकांचे पाय गळतात, पण ते प्रौढांसाठी आहेत. कलम ३०३ खालची, पाच हजार रुपयांच्या आतल्या वस्तूची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा किंमत परत केली, तर प्रौढालासुद्धा समाजसेवेची शिक्षा होते. मुलाच्या बाबतीत मंडळ समज देऊन सोडू शकतं, मुलाचं आणि पालकांचंही समुपदेशन सांगू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, दंड करू शकतं किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या ताब्यात देऊ शकतं. विशेष गृहात, म्हणजे अशा मुलांच्या सुधारणेसाठीच्या निवासी संस्थेत, पाठवण्याचा अधिकारही आहे, पण तोही जास्तीत जास्त तीन वर्षांचा.

वयाचा पुरावा पहिल्याच दिवशी सोबत ठेवा. त्यासाठी कायदा शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतो, ते नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आधार कार्ड त्या यादीत नाही. घटनेच्या दिवशीचं वय धरलं जातं. सतरा वर्षं अकरा महिने आणि अठरा वर्षं एक महिना यांत सगळं प्रकरण बदलतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, मुलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि मंडळाची तारीख चुकवू नका. मुलाच्या परिस्थितीची चौकशी करून मंडळाला अहवाल देणारा परिविक्षा अधिकारी घरी येईल, त्याच्यापासून काही लपवू नका. घरात भांडणं असतील तर तीही सांगा, कारण त्याचा अहवाल बघूनच मंडळ ठरवतं.

"आता आयुष्यभर डाग," असं मुलाला बोलून दाखवू नका, ते खरंही नाही. अपिलाची मुदत किंवा नियमांनी ठरवलेला काळ संपला की अशा प्रकरणाचा रेकॉर्ड नष्ट करायचा असतो, आणि निकाली निघालेलं प्रकरण चारित्र्य पडताळणीत उघड करायला पोलिसांना मनाई आहे. चौकशी चालू असताना मुलाचं नाव, शाळा किंवा फोटो छापणं, पसरवणं हा गुन्हा आहे. म्हणून सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर तुम्ही स्वतःही काही लिहू नका. मदत म्हणून विचारलेला प्रश्नसुद्धा शाळेपर्यंत पोचतो.

घरी आल्यावर 'का केलंस?' विचारून उत्तर न ऐकणं

या प्रश्नाला मुलं "माहीत नाही" म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरंच असतं. त्याऐवजी घटना विचारा. आत कुणाबरोबर गेलास? वस्तू उचलायच्या आधी काय बोलणं झालं? बाहेर पडून काय करणार होतास? पैज लावून उचललेली वस्तू, पैसे मागायची लाज वाटून उचललेली वस्तू आणि घरच्या रागातून उचललेली वस्तू, या तिघांवर उपाय एक नाही. गरज नसताना पुन्हा पुन्हा होत असेल, वस्तू वापरलीही जात नसेल, तर शिक्षा वाढवत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. मूल एकदम गप्प झालं, जेवेनासं झालं किंवा "मी नसतो तर बरं" असं बोललं, तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका.

शिक्षेला शेवट असू द्या. रोज दप्तर तपासणं, फोन कायमचा काढून घेणं, भावंडांसमोर उदाहरण देणं, याने मूल लपवायला शिकतं.

त्या मुलीने आठवड्याने सांगितलं. मैत्रिणींच्या घोळक्यात प्रत्येकीने एकेक वस्तू आणायची ठरलं होतं, नाही आणली तर ग्रुपमधून काढणार होत्या. आईने मारल्याबद्दल तिची माफी मागितली. दुकानात भरलेले पैसे मात्र तिने मुलीकडून परत घेतले, दर महिन्याला थोडे, वहीत लिहून. शेवटचा हप्ता आला त्या दिवशी वहीचं पान फाडलं. पुढे एकदा भांडणात धाकटा भाऊ 'चोर' म्हणाला, तेव्हा आई हातातलं काम टाकून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "ते प्रकरण संपलंय. हा शब्द या घरात पुन्हा नको."