पाऊस परतला की पहिलं काम: रोपाभोवतीचं गवत उपटा

गोराई-मनोरीच्या वाड्या, आरेतले पाडे, आणि शनिवार-रविवारी कर्जत-मुरबाडच्या जागेवर जाऊन झाडं लावणारी मुंबईकर मंडळी, या सगळ्यांसाठी हे लिहितोय. हवामान खात्याच्या सरासरीनुसार मोसमी पाऊस मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास परत फिरतो. त्याच्या मागचेपुढचे दोन-तीन आठवडे जून-जुलैत लावलेल्या रोपाच्या जगण्या-मरण्याचे असतात, आणि नेमके तेच दिवस आपण नवरात्र, भातकापणी आणि दिवाळीच्या खरेदीत घालवतो.

दरवर्षी हेच चालतं. जुलैत खड्डे, शेणखत, फोटो. ऑगस्टात कलमाला तांबूस पालवी येते आणि मालक खूश होतो. सप्टेंबरात गवत कमरेला लागतं, पण हिरवंगार दिसतं म्हणून कुणाला खटकत नाही. डिसेंबरात माणूस जागेवर जातो तेव्हा आळ्यात काडी उभी. मग नर्सरीवाल्याने कलम खराब दिलं, राखणदाराने पाणी घातलं नाही, वाळवी लागली, अशी कारणं निघतात. क्वचित ती खरीही असतात. पण बहुतेक वेळा रोपाचं पाणी पिणारा रोपाला खेटूनच उभा असतो, तोवर स्वतःही वाळून पिवळा झालेला.

हिशेब करून पाहा. रोपाभोवती एक मीटर व्यासाचं वर्तुळ धरा आणि फूटभर खोल माती. आपल्या मुरमाड वरकस जमिनीत तेवढ्या मातीत झाडाला घेता येईल असं पाणी साधारण २४-२५ लिटर धरा, म्हणजे ऑफिसात येतो त्या वीस लिटरच्या कॅनपेक्षा थोडं जास्त. ऑक्टोबरच्या उन्हात दाट हिरवं गवत दिवसाला ४ मिलिमीटर पाणी हवेत सोडतं असं मानलं, तर त्या वर्तुळातून रोज ३ लिटरच्या वर पाणी जातं. आठवड्याभरात कॅन रिकामा. त्यात पहिल्या वर्षाच्या रोपाच्या वाट्याला येतं दिवसाला एखादा तांब्या, तेही मिळालं तर. मनोरीच्या रेताड जमिनीत तर एवढेही दिवस मिळत नाहीत. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात रोपं तहानेने मरतात ती अशी.

गवताची मुळं तंतुमय असतात आणि पहिल्या फूटभरात जाळं विणून बसतात. नवीन रोपाची मुळंही त्याच थरात असतात, फक्त संख्येने फार कमी. एकदा रोपाशेजारचा भाल्या गवताचा ठोंब कुदळीने उचकटून बघाच. मातीचा ढेकूळ मुळांनी इतका गच्च बांधलेला असतो की आपटल्याशिवाय फुटत नाही, आणि फोडलात तर आत कलमाची जाड, तपकिरी दोन-चार मुळं त्या केसांत अडकलेली दिसतात. माती कोरडी ठणठणीत.

आता नेहमीचा आक्षेप. गवत सावली करतं, मग ओल टिकत नाही का? मेलेलं गवत टिकवतं, जिवंत गवत पितं. उघड्या मातीचा वरचा दोन-तीन इंचांचा थर वाळतो, आणि वाळल्यावर तो थरच खालच्या ओलीवर झाकण बनतो. मुळं मात्र या झाकणाखाली हात घालतात. पटत नसेल तर दिवाळीत खुरपं घेऊन दोन खड्डे करा, एक गवतात आणि एक साफ केलेल्या आळ्यात. वीतभर खालची माती मुठीत दाबा. आळ्यातल्या मातीवर बोटांचे ठसे उमटतील, गवतातली भुरभुरून पडेल.

"शेठ, मशीन फिरवली ना सगळीकडे!" हे वाक्य मुरबाड भागात राखणदाराकडून हमखास ऐकू येतं, आणि शेठही समाधानाने मान डोलावतात. ग्रासकटरने गवत कापलं जातं, मरत नाही. मुळं जागेवर, जमिनीत थोडी ओल, त्यामुळे आठ-दहा दिवसांत नवे कोवळे फुटवे येतात आणि पाणी पिणं पुन्हा सुरू. वर कटरची नायलॉन दोरी कोवळ्या खोडाची साल गोल सोलून काढते. असं रोप महिना-दोन महिने हिरवं दिसतं, मग वरून वाळत येतं. रोपापासून हातभर अंतरात मशीन नको, तिथे बसूनच काम करायचं. बेणणी, म्हणजे तण काढणं, हे बसून करायचं काम आहे, त्याला दुसरा उपाय मला माहीत नाही.

जगभरचे वनवाले हे कधीच शिकलेत. अमेरिकेच्या वायव्येला, ओरेगन-वॉशिंग्टन भागात, डग्लस फर नावाचं सूचिपर्णी झाड लाखोंनी लावतात. तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, म्हणजे भिजून मग सुकण्याचा क्रम आपल्यासारखाच, फक्त महिने उलटे. वसंतात गवत मातीतली ओल संपवतं आणि लहान फर उन्हाळ्यात मरतात. म्हणून पहिली काही वर्षं रोपाभोवती गवत येऊ द्यायचं नाही हा तिथे लागवडीचाच भाग मानतात. त्यांच्या अनुभवातली दोन निरीक्षणं इथे कामाची आहेत. एक, तण काढल्याचा फरक उंचीपेक्षा खोडाच्या जाडीत आधी आणि जास्त दिसतो. गवतात कोंडलेलं रोप उजेडासाठी उंच जातं पण दोऱ्यासारखं बारीक राहतं. तेव्हा "कमरेएवढं झालं" यावर खूश होऊ नका, बुंध्याला दोरा गुंडाळून घेर मोजा. दुसरं, सुरुवातीला मारतं ते गवत, झुडपं त्रास देतात ती पुढे. आपल्याकडेही पहिल्या वर्षी हरळी-भाल्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रानमोडी आणि घाणेरी. रानमोडी फुलायच्या आत मुळासकट काढा, नंतर तिचं बी वाऱ्यावर जातं.

मुंबईत सूचिपर्णी म्हणजे बहुतेक सोसायटीतलं अरॉकेरिया, जे नर्सरीवाले ख्रिसमस ट्री म्हणून विकतात, आणि कुंडीतली मोरपंखी. अरॉकेरिया थेट हिरवळीत लावायची आपल्याकडे फॅशन आहे. हिरवळ शेवटी गवतच. माळी वरवर पाइप फिरवतो, ते पाणी हिरवळ वरच्या वर पिते, आणि झाडाच्या खालच्या फांद्या तपकिरी पडत जातात. मग सोसायटी औषधवाल्याला बोलावते. त्याआधी खोडाभोवती तीन फुटांचा गोल हिरवळीतून मोकळा करून त्यात पालापाचोळा टाका आणि दोन महिने थांबा. दुसरं काही कारण निघालं तरी यात नुकसान काही नाही.

गोराईच्या वाळूत सुरू लावणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सुया पाहून त्याला पाइनचा भाऊ समजतात, तो आहे फुलझाड. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र घेतात, त्यामुळे युरियाची घाई नको. पाणी मात्र त्या गाठींना आणता येत नाही, तेव्हा गवत तिथेही काढायचंच.

काढायचं कसं? फावड्याचा दांडा हे आमचं माप. पहिल्या वर्षी रोप मध्ये धरून चहूकडे अर्ध्या दांड्याएवढा गोल, दुसऱ्या वर्षी पूर्ण दांड्याएवढा. हे पुस्तकात नाही, पण मजुराला सेंटिमीटर सांगण्यापेक्षा बरं चालतं. शेवटच्या मोठ्या सरीनंतर जमीन ओली असतानाच उपटा. आठ दिवस उशीर केला तर मुरूम आवळतो, गवत हातात तुटून येतं आणि मूळ आतच राहतं. टाकळा, कुर्डू सहज निघतात. हरळीला कुदळ लागते. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, तो एका खेपेत जात नाही. निघेल तेवढा काढून त्याच्यावर जाड आच्छादन टाका आणि महिन्याने परत या. खोडाजवळ कुदळ घालू नका, तिथे फक्त हात आणि खुरपं.

पूर्ण उतार खरवडून काढू नका. गोलाबाहेरचं गवत माती धरून ठेवतं, ते राहू दे. याच कारणाने भर पावसात उताराला उपटणी करायची नाही, जुलै-ऑगस्टात विळ्याने कापून तिथेच पसरायचं. आणि वनजमिनीवर किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वृक्षारोपण केलेल्या मंडळांनी आधी वन खात्याला विचारावं, मग हात लावावा.

उपटलेलं गवत फेकू नका, बी धरलेलं नसेल तर तेच उलटं करून आळ्यात पसरा. हरळी आणि लव्हाळा मात्र बाहेर, ते परत रुजतात. भातकापणी झाली की पेंढा मिळेल. पालापाचोळा गावात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जागा भाजायला, जातो, त्यामुळे आधीच सांगून ठेवा. थर चार-पाच बोटं बसका हवा, आणि खोडापासून चार बोटं मोकळी जागा. खोडाला टेकवलेलं आच्छादन म्हणजे वाळवीला आमंत्रण. गवत काढण्याआधी आच्छादन घालू नका, ते सगळे कष्ट वाया. पाणीही तसंच. गवतात ओतलेल्या बादलीतली बहुतेक गवताची. गवत काढलेल्या आळ्यात आठवड्याला एकदा भरपूर पाणी दिलं तर पहिल्या वर्षाचं रोप निभावतं. रोजचा अर्धा तांब्या वरचीच माती भिजवतो.

आता दुकानाबद्दल. ऑक्टोबरात दुकानात गेलात तर रूट बूस्टर, ह्युमिक अॅसिड, मायकोरायझा (मुळांना साथ देणारी बुरशी) आणि पाणी धरणारं जेल असा संच समोर येईल. जेल खोटं नाही, दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेनेही असं हायड्रोजेल काढलंय. पण जेल पाणी साठवतं, पाणी तयार करत नाही, आणि त्यातलं पाणी कुणी प्यायचं हे तेच ठरवतात ज्यांची मुळं जास्त. गवत काढण्याआधी यातलं काहीही विकत घेणं म्हणजे गवताला खाऊ घालणं. पैसे उरले तर एका माणसाची एक दिवसाची मजुरी जास्त द्या.

तणनाशकाचा मोह सर्वात मोठा. ग्लायफोसेट ४१ टक्के हे चहाच्या मळ्यासाठी हेक्टरी २ ते ३ लिटर, ४५० लिटर पाण्यात, अशा शिफारशीने येतं. आंब्याच्या वर्षाच्या कलमासाठी ती शिफारस नाही. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरता मर्यादित केला होता, तेव्हा "बिनधास्त मारा, काही होत नाही" म्हणणाऱ्या काउंटरवरच्या माणसाकडे आजचा नियम मागा. कोवळं हिरवं खोड तुषार शोषून घेतं, आणि पाल्याच्या पुढच्या फुटी सुईसारख्या बारीक यायला लागल्या की उशीर झालेला असतो. पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकाला तर शरीरात गेल्यावर उताराच नाही, ते घरातही ठेवू नका.

बाकीची कामं:

– कलमाच्या जोडाखालची फूट काढणे.
– जोडावरची प्लास्टिक पट्टी अजून असेल तर सोडणे.
– काठीचा आधार, सैल गाठ.
– पानांवर काळे ठिपके असल्यास १ टक्का बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक): मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर.
– वाळवीची मातीची लिंपणं खरवडणे.
– खत आता नाही. आंब्याला पहिल्या वर्षी झाडामागे १५० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद, १०० ग्रॅम पालाश, दरवर्षी त्याच पटीत वाढवत, ते जूनमध्ये.
– मेलेल्या रोपांच्या जागी खूण. नवी लागवड पुढच्या पावसात.

गवतात हात घालण्याआधी काठीने आपटा. फुरसं आणि घोणस याच दिवसांत दडून असतात, आणि गमबूट घातल्याने कुणाची शान जात नाही. आरे-येऊरकडच्या मंडळींनी पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने वाकून बेणणी करू नये, बिबट्याचा वावर असतो.

आणि वणवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटतो, दरवर्षी पेटतो. रोपाला खेटलेलं वाळकं गवत असेल तर ज्वाळा थेट सालीला लागते. आता मोकळा केलेला गोल तेव्हाही उपयोगी पडतो, पण प्लॉटच्या कडेने दोन-तीन मीटरचा जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारा बिनगवताचा पट्टा, डिसेंबरातच करून ठेवा. आच्छादन कोरडं असतं, म्हणून पट्टा नसेल तर आच्छादनही पेटतं.

मजूर या दिवसांत मिळत नाहीत, सगळे भातकापणीला. एकच दिवस एकच माणूस मिळाला तर क्रम असा ठेवा: आधी रेताड आणि मुरमाड जागेतली याच वर्षीची रोपं, मग पश्चिम उताराची, कारण तिथे दुपारचं ऊन सर्वात कडक. दुसऱ्या वर्षाची आणि सखल, ओल धरणाऱ्या जमिनीतली शेवटी. तेवढ्यातही पूर्ण गोल जमत नसेल तर निदान हातभर तरी मोकळं करा, आणि उरलेलं पुढच्या रविवारी.