सरकारी सॉफ्टवेअर टिकवायचंय? आधी नाडकचेरीत जाऊन बसा

टेंडरच्या आधी दोन दिवस नाडकचेरीत (कर्नाटकातली तालुक्याखालची महसूल कचेरी) खिडकीमागं बसा की. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचे मामा उताऱ्याला येतात, नाव सांगतात मराठीत, ऑपरेटर टाइप करतो कन्नडात, आणि कन्नडात ए-ओ ऱ्हस्व दीर्घ दोन-दोन, आपल्यात एकच, मग 'गोपाळ' एकदा असा एकदा तसा, सर्च म्हणतंय रेकॉर्डच नाही! म्हणून उच्चारावरनं शोधायची सोय पहिल्या दिवशीच घाला, रंगबिंग नंतर बघू.

'भूमी', म्हणजे कर्नाटकाचं जमिनीच्या उताऱ्यांचं सॉफ्टवेअर, चाललं कारण हातानं लिहिलेले उतारे बंदच केले. जुनी वही चालू ठेवलात तर नवीन कोण वापरणार?

कोड, पासवर्ड खात्याकडंच ठेवा, मेंटेनन्सचे पैसे दरवर्षी बजेटात धरा, आणि साहेबांची बदली व्हायच्या आधी दुसऱ्या कुणालातरी सगळं शिकवून ठेवा (बदली होतेच).